बर्डीच्या पाठीवरून

कोलोरॅडोतल्या डोंगरांमधल्या एका उंच खोऱ्यावर एक इंग्रज बाई मालकी सांगते. तिच्याकडे खरेदीखत नाही, सातबारा नाही. त्या जमिनीची अजून मोजणीसुद्धा झालेली नाही. तरी ती ठामपणे लिहिते, की हे खोरं माझं आहे. मी त्याच्यावर प्रेम केलं, मला त्याची कदर आहे, म्हणून इथले सूर्योदय, सूर्यास्त आणि वादळं माझी. इझाबेला बर्डच्या ‘अ लेडीज लाइफ इन द रॉकी माउंटन्स’ या पत्ररूप पुस्तकात हा दावा येतो. माझ्या मते पुस्तकाचं मर्म इथेच आहे. निसर्गदृश्य पाहणाऱ्याच्या मालकीचं होऊ शकतं का, आणि त्यासाठी त्यानं काय मोजायचं असतं? इझाबेलानं काय मोजलं, ते पुस्तकाच्या अखेरीस कळतं: खोगिरावरचे ८०० मैल.

ही भ्रमंती १८७३ च्या शरद ऋतूतली आणि हिवाळ्याच्या सुरुवातीची. पत्रं स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, हेन्रिएटाला लिहिलेली. १८७८ मध्ये ती ‘द लेझर अवर’ या नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८७९ मध्ये जॉन मरे या प्रकाशकानं त्यांचं पुस्तक केलं. पत्र हा साहित्यप्रकार इथे नावापुरता नाही. मागे राहिलेल्या बहिणीला सगळं दिसावं, ऐकू यावं, थंडीसुद्धा लागावी, या ओढीतून प्रत्येक तपशील आला आहे. म्हणून एखाद्या सुळक्यावरच्या मावळतीइतकंच मन लावून ती लाकडी खोपटातली चूल, गोठलेलं दूध आणि दौतीतली थिजलेली शाई यांच्याबद्दल लिहिते. पुस्तक निघालं आणि पुढच्याच वर्षी हेन्रिएटा गेली. हे ठाऊक झाल्यावर ही पत्रं वेगळी वाचली जातात. ज्या एका माणसासाठी हे सगळं डोळ्यांत साठवलं, त्याच्याशी चाललेलं ते बोलणं आहे.

इझाबेलाचा जन्म १८३१ चा, पाद्र्याच्या घरातला. लहानपणापासून पाठीच्या कण्याचं दुखणं. १८५० मध्ये कण्याजवळची गाठ शस्त्रक्रियेनं काढली, तरी दुखणं गेलं नाही. घरी असली की अंथरुण, आणि बाहेर पडली की अंगात बळ, असं तिचं आयुष्यभर चाललं. डॉक्टर हवापालट सांगत राहिले. त्याच निमित्तानं ती १८७२ मध्ये ऑस्ट्रेलियाला निघाली, आणि तिथून पुढच्या वर्षी हवाईला पोचली. तिथल्या बायका पुरुषांसारख्याच दोन्हीकडे पाय टाकून घोडा फेकत होत्या. इंग्लंडात बायकांसाठी वेगळं खोगीर असे. दोन्ही पाय एकाच अंगाला सोडायचे आणि कंबरेतून वळून समोर पाहायचं. आधीच दुखऱ्या कण्याला ती रोजची शिक्षाच. हवाईत इझाबेलानं ते खोगीर सोडलं आणि मेक्सिकन खोगिरावर मांड टाकली.

मराठीतला हा ‘मांड’ शब्द तिला फार शोभून दिसला असता. घोड्यावर नुसतं बसणं आणि मांड असणं यांत अंतर आहे. मांड पक्की असली की स्वार आणि घोडा यांचा तोल एक होतो. लगामाशी झटापट करावी लागत नाही, आणि डोळे समोरच्या मुलखासाठी मोकळे राहतात. मांड टाकलेली झाशीची राणी लहानपणापासून चित्रांत पाहणाऱ्या मराठी वाचकाला त्या काळच्या इंग्रज समाजाची कुजबुज कळायला जड जाते. इझाबेलाला मात्र ती ऐकावी लागली. दुसऱ्या आवृत्तीत तिनं आपल्या पोशाखाचा खुलासा छापला: वर जाकीट, घोट्यापर्यंत झगा, त्याखाली बुटांवर उतरणारी घोळदार तुर्की विजार. पुस्तकातही एक बारीकसा प्रसंग आहे. कोलोरॅडो स्प्रिंग्ज गाव जवळ आल्यावर ती उतरते, लांब झगा चढवते आणि एका अंगाला पाय सोडून गावात शिरते. गाव मागे पडलं की पुन्हा मांड. शहराची हद्द कुठे संपते, ते या बाईच्या बैठकीवरून ओळखावं.

आता त्या खोऱ्याकडे वळू. त्याचं नाव एस्टेस पार्क. ‘पार्क’ म्हटलं की आपल्याला कुंपण, बाकडी आणि हिरवळ आठवते. त्या काळच्या तिच्या इंग्रज वाचकालाही असंच काही आठवलं असणार. म्हणून ती आधी शब्द साफ करते. रॉकी पर्वतात पार्क म्हणजे चहूबाजूंनी डोंगरांनी कवेत घेतलेलं उंचावरचं गवताळ खोरं. नॉर्थ पार्क, मिडल पार्क, साउथ पार्क ही त्यांतली मोठी. एस्टेस पार्क त्यांच्या मानानं लहान, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,५०० फुटांवर. उतारावरच्या पाइनांची रांग, मधून वाहणारी बिग थॉम्प्सन नदी आणि दक्षिणेला लाँग्स पीकचा चपट्या माथ्याचा प्रचंड कातळ. ही रचना कुणा माळ्यानं आखल्यासारखी दिसते, आणि ती कुणीच आखलेली नाही, याचं तिला पुन्हा पुन्हा नवल वाटतं.

हे खोरं तिला सहजासहजी मिळत नाही, आणि ही गोष्ट मला मोलाची वाटते. मैदानावरून रोज ती त्या शिखराकडे पाहते. एका वसाहतकरी कुटुंबाबरोबर निघते, तर वाटाड्यालाच वाट सापडत नाही. घळींमागून घळी, शेवटी परत फिरणं. अनेक पानं नुसती हुलकावणी चालते. मग दोन तरुणांची सोबत मिळते आणि खरा प्रवेश घडतो. हा प्रवेश कसा लिहिलाय, ते पाहावं. आधी चढ, अरुंद वाटा, घोड्यांच्या धापा. इथे तिचं गद्य पायऱ्यापायऱ्यांनी चढतं. एकेक ओहोळ, एकेक वळण, एकेक झाड सांगितल्याशिवाय ती पुढे जात नाही. मग मध्येच एक काळं खोपट दिसतं. छपरावर कातडी वाळत घातलेली, भिंतीच्या ओंडक्यांवर बीव्हरचे पंजे ठोकलेले, दारात गुरगुरणारा कुत्रा. तो या पर्वताचा बदनाम रहिवासी जिम न्यूजंट. अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा एक डोळा गेलेला. त्या बाजूनं चेहरा विद्रूप, दुसऱ्या बाजूनं देखणा, आणि बोलणं खानदानी. पुस्तकातलं सगळ्यात गुंतागुंतीचं माणूस असं उंबऱ्यावरच भेटतं. त्यानंतर शेवटचा चढ, आणि एकदम खाली अख्खं खोरं, संध्याकाळच्या उन्हात. इथे ती वर्णन करत थांबत नाही. तिघं घोडे सोडतात आणि उतारावरून भरधाव सुटतात. दौडीच्या शेवटी ग्रिफिथ इव्हान्स नावाचा वेल्श माणूस हसत सामोरा येतो. त्याला लांबून वाटलं होतं, की जिमच बाईचा वेश करून आलाय!

ही दौड म्हणजेच तिची सौंदर्यदृष्टी. दृश्य समोर उलगडलं की शब्दांनी त्याची आरती करत बसणारे प्रवासलेखक पुष्कळ आहेत. इझाबेला दृश्यात शिरते, आणि घोड्याच्या पायांनी शिरते. उताराची धार तिला खोगिरात मागे रेलावं लागतं तेव्हा कळते. बर्फाची जाडी घोड्याच्या खुरांत अडकलेल्या गोळ्यांनी कळते. अस्वल जवळ आहे हे घोडा उधळतो तेव्हा कळतं. ट्रकी गावाजवळ तेच झालं होतं. अस्वल पाहून घोडा बुजला, बाई जमिनीवर, घोडा पसार, आणि पुढची वाट पायी. ज्या जनावराच्या पाठीवर ती बसली आहे, तेच तिचं पहिलं ज्ञानेंद्रिय आहे.

म्हणूनच लाँग्स पीकच्या चढाईचं पत्र वेगळं उठून दिसतं. तिथे घोडा सोडावा लागतो. हे पत्र तीन अंकी नाटकासारखं बांधलंय. पहिला अंक वृक्षरेषेजवळच्या मुक्कामाचा. पाइनच्या डहाळ्यांचं अंथरुण, खोगिराची उशी, शेकोटीभोवती तरुणांची गाणी, आणि थंडीत ऊब म्हणून जिमचा कुत्रा रिंग तिच्या पाठीशी. पहाटे मैदानावर सूर्य उगवतो. नुकतीच पॅसिफिक ओलांडून आलेल्या इझाबेलाला गवताचं मैदान नेहमीच समुद्र वाटतं. इथे त्या समुद्रावर उजेड पसरतो, आणि ज्याच्या नावानं सगळे घाबरतात तो जिम टोपी काढून उभा राहतो. निसर्गवर्णन आणि व्यक्तिचित्रण यांचा इतका नेमका सांधा मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलाय.

दुसरा अंक भयानकाचा. घोडे दगडांच्या राशीत बांधून ठेवले जातात आणि त्याबरोबर तिची मांडही सुटते. इव्हान्सचे उसने, मोठे बूट पायांत. बरोबरच्या तरुणाला ती अडचण वाटते आणि तो तसं दाखवतो. तिलाही माघार घ्यावीशी वाटते. बाई येणार नसतील तर मीही वर जाणार नाही, असं जिम सांगतो, आणि फासाच्या दोरानं तिला स्वतःशी बांधतो. आता ती स्वार नाही, ओढून न्यायचं गाठोडं आहे. ही नामुष्की ती लपवत नाही. आपण चढलो नाही, आपल्याला चढवलं गेलं, हे ती स्वच्छ सांगते. गिर्यारोहणावरच्या लेखनात इतका प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे. पुस्तकात शिखराची उंची १४,७०० फूट छापली आहे. आजच्या मोजणीनं ती १४,२५९ फूट भरते. ४४१ फुटांनी ना त्या चढाईची भीती कमी होते, ना माथ्यावरचा आनंद.

तिसरा अंक माथ्यावरचा. अटलांटिक आणि पॅसिफिक, दोन्हींकडे निघालेलं पाणी इथून दिसतं, असं ती लिहिते. खंडाचा कणा तिच्या पायाखाली आहे. स्वतःच्या कण्याचा ती इथे उच्चारही करत नाही. आपण मात्र तो विसरू शकत नाही. एका डबीत नावं लिहून खडकाच्या फटीत ठेवायची, आणि उतरायचं. मग तहान, पडझड, आणि घोड्यावरून उचलून खाली ठेवलेलं थकलेलं शरीर. भयानकातून अद्भुताकडे आणि अद्भुतातून करुणाकडे हे पत्र इतक्या सहज सरकतं, की सांधा दिसत नाही. त्या रात्री शेकोटीजवळ जिम आपल्या तरुणपणाचं दुःख सांगतो. डोंगर पाहून झाल्यावर माणूस दिसायला लागतो.

पुस्तकाचा मधला भाग बर्डीचा. बर्डी ही अमेरिकन ‘इंडियन’ जातीची लहानखुरी तांबूस घोडी: चिवट, चपळ, गरीब स्वभावाची आणि शहाणी. घोडीचं नाव आणि बाईचं आडनाव यांतलं साम्य वाचकाच्या ओठांवर हसू आणतं. पानं उलटावी तसं ते साम्य खरं वाटू लागतं, इतक्या दोघी एकमेकींत मिसळतात. वयाची बेचाळीस वर्षं नुकतीच पूर्ण झालेली ही बाई ऑक्टोबरच्या अखेरीस एकटी निघते. डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, लाल खडकांचं गार्डन ऑफ द गॉड्स, मॅनिटू, पुढे साउथ पार्क, आणि बर्फातून परत. सामान खोगिरामागे बांधलेलं. मुक्काम जिथे घर दिसेल तिथे. या पत्रांत वाट हीच नायिका आहे. बर्फात वाट बुजली की इझाबेला घोडीवर भरवसा टाकते. बर्फ घट्ट होऊन खुरांत गोळे धरले की उतरून चालते. इथे निसर्ग सुंदर आहे तो त्यातून पार व्हावं लागतं म्हणून. दिवसभर थंडीत टापा मोजल्यावर संध्याकाळी एखाद्या खिडकीतला उजेड दिसतो, तेव्हा तो सूर्यास्ताइतकाच सुंदर लिहिला जातो.

परत येते ती अडकायलाच. १८७३ च्या आर्थिक कोसळीत बँकांचे व्यवहार थांबलेले, हातात रोकड नाही. मग एस्टेस पार्कात दोन तरुणांबरोबर लाकडी घरात हिवाळा. फटींतून बर्फ आत येतं, लिहिता लिहिता शाई गोठते, आणि सगळे वाटून स्वयंपाक-झाडलोट करतात. त्याआधी इव्हान्सची गुरं हाकायला ती दिवसभर रानोमाळ दौडली होती. आपल्यात एक बाई आहे हे तो विसरूनच गेला, याचा तिला झालेला आनंद लपत नाही. मला हे प्रसंग शिखराइतकेच महत्त्वाचे वाटतात. प्रवासी इथे पाहुणी राहत नाही, कामकरी होते. त्या मुलखावरचा तिचा हक्क गुराख्याच्या कष्टानं पक्का होतो.

या रानातली जनावरंही पोथीतली नाहीत. सांबरासारखा पण त्याहून मोठा एल्क, डोंगरी मेंढे, बीव्हर, रात्री ओरडणारे लांडगे, आणि तिच्याच खोलीच्या जमिनीखाली बिऱ्हाड केलेला स्कंक. त्याला छेडलं तर दुर्गंधीनं घर सोडावं लागेल, म्हणून त्याला कुणी उठवत नाही. पण ही जनावरं तिच्या भोवतालच्या माणसांना मांस, कातडी आणि पैसा म्हणून ठाऊक आहेत, आणि तेही ती झाकत नाही. पुढच्या दोन दशकांत त्या भागातले एल्क शिकारीनं संपले. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून आणून ते पुन्हा सोडावे लागले. लांडगे आणि ग्रिझली अस्वलंही त्या भागातून नाहीशी झाली. तिनं ऐकलेले आवाज तिच्या पानांवर तेवढे उरले.

रसिकानं दोषही पाहायला हवेत. रंगांच्या बाबतीत तिचा हात कधी कधी सैल सुटतो. जांभळा, गुलाबी, सोनेरी यांचे थर इतके चढतात, की चौथ्या सूर्यास्ताला डोळा थकतो. याहून मोठा दोष दृष्टीचा आहे. मूळ रहिवाशांबद्दल ती तिच्या काळातल्या तुच्छतेनं लिहिते. वाटेत तिला एक शस्त्रसज्ज, लांब केसांचा, अतिशय सौजन्यशील स्वार भेटतो. मूळ रहिवाशांचा जीव घेणारा म्हणून तो कुप्रसिद्ध आहे हे नंतर समजतं, तरी लक्षात राहते ती त्याची सभ्यता. ज्या खोऱ्याला ती बेवारस समजून आपलं म्हणते, तिथून अरापाहो आणि यूट लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत होते. १९१४ मध्ये दोन वृद्ध अरापाहोंना याच डोंगरांतून घोड्यावरून हिंडवून जागांची नावं टिपली गेली. लाँग्स पीक आणि शेजारचं माउंट मीकर यांना ते मिळून ‘दोन वाटाडे’ म्हणत. एका चढाच्या वाटेचं नाव होतं ‘मुलांची वाट’. चढ इतका, की तिथे मुलांना घोड्यावरून उतरून चालावं लागे. ही नावंही खोगिरावरूनच सुचलेली आहेत. इझाबेलाच्या पुस्तकाशेजारी ही दोन नावं ठेवून वाचावी. तिच्या दाव्याला ती उत्तरही देतात आणि त्याचा अर्थही वाढवतात. प्रेमानं जाणणारी ती पहिली नव्हती.

आणि जे लिहिलं नाही त्याबद्दल. जिमनं तिच्यावरचं प्रेम बोलून दाखवलं होतं. ते मूळ पत्रांत आहे, पुस्तकातून तिनं काढून टाकलं. पुस्तकात उरते ती एक वादळी घोडदौड आणि त्याच्या बरबाद आयुष्याची कबुली. गाळलेल्या ओळींची ऊब उरलेल्या ओळींना लागलेली आहे. काही महिन्यांनी, १८७४ मध्ये, इव्हान्सच्या गोळीनं जिम जखमी झाला आणि त्यातच वारला. त्याचा अंत असा झाला हे ती वाचकाला तळटिपेत आधीच सांगून टाकते. त्यामुळे शेवटचं दृश्य आपण जड मनानं पाहतो. डिसेंबरचं ऊन, बर्फानं झाकलेलं मैदान. गाडी निघालेली. मागे वळून पाहावं तर जिमचे पिवळे केस उन्हात चमकताहेत, आणि तो सुंदर घोडीला हळूहळू एस्टेस पार्ककडे चालवत नेतोय. घोडीवर खोगीर आहे, त्यात कुणी नाही. त्याच खोगिरावर बसून ती ८०० मैल हिंडली होती. विरहाचा एकही शब्द न वापरता हा विरह लिहिला आहे. मोकळं खोगीर सगळं बोलतं.

त्याच खोऱ्यावर लवकरच खरी कागदोपत्री मालकी आली. अर्ल ऑफ डनरेव्हननं स्वतःच्या शिकारीसाठी तिथल्या जमिनी घेतल्या. पण ती मालकी टिकली नाही. २६ जानेवारी १९१५ रोजी भोवतालचे डोंगर रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान झाले. आज वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं तिथे जातात, बहुतेक मोटारीनं. तरी तिथल्या पायवाटांवर आजही घोडे चालतात.

इझाबेला पुढेही थांबली नाही. १८८९ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, ती काश्मीरमार्गे लडाखला घोड्यावरूनच गेली. श्योक नदी ओलांडताना घोड्यासकट कोसळून तिची बरगडी मोडली, आणि तरी ती पुढे गेली. १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून घेतलं, त्यांत ती होती. तरी माझ्या लेखी तिचं सर्वांत जिवंत पुस्तक रॉकी पर्वताचंच. त्यात डनरेव्हनची मालकी आणि रसिकाची मालकी यांतला फरक अनुभवानं सिद्ध झालाय. पहिली मालकी इतरांना बाहेर ठेवते. दुसरी मालकी पत्र लिहून बहिणीला आत बोलावते, आणि दीडशे वर्षांनी आपल्यालाही.

हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये. रोज एक पत्र, घोड्याच्या चालीनं. चढ आला तर थांबत, उतार आला तर वेगानं. शेवटच्या पानावरच्या मोकळ्या खोगिरापाशी पोचाल, तेव्हा ते खोरं तुमचंही झालेलं असेल.